हाकेच्या अंतरावर

खोक्यावर छापलं होतं : शंभर मीटर.
मैदानात असेलही.
इथं क्रासच्या पोटात, चुनखडीच्या तिसऱ्या वळणापाशी,
शंभर म्हणजे किती
ते दगड ठरवतो.

आम्ही तिघं. मी, माझा भाचा स्वित,
आणि विंको : एकाहत्तर वर्षांचा, गुडघ्याला पट्टा,
हेल्मेटवर चार जुन्या गुहांचा वाळलेला चिखल.
लांबचा फ्लॅश मी घेतो, म्हणाला.
कुणी नको म्हणायच्या आत
फटीत आडवा शिरलाही होता.
आधी बूट दिसेनासे झाले,
मग नुसतं खरवडणं ऐकू येत राहिलं.

चॅनल सात.
गट अ माझ्या डावीकडे, एका उंचवट्यावर.
गट ब स्वितच्या हातात, हॉटेलातल्या शॉवर कॅपमध्ये गुंडाळलेला,
कारण छत ठिबकतं.
गट क विंकोकडे.
कॅमेऱ्याच्या माथ्यावर काडेपेटीएवढा ट्रिगर,
त्याचा हिरवा ठिपका
सगळं ठीक आहे असं सांगत लुकलुकणारा.

व्ह्यूफाइंडर मात्र काळा.
या कॅमेऱ्यात आरसा नाही;
जे टिपलं जाणार तेच तो आधी दाखवतो.
खोटं बोलत नाही, एवढाच त्याचा दोष.
अजून न पडलेला उजेड
त्यानं कुठून आणावा?
मेनूत शिरून मी त्याचा खरेपणा बंद केला,
तेव्हा कुठे स्वितच्या कपाळावरच्या दिव्यात
भिंत दिसली, दाणेदार, मुंग्या चढल्यासारखी.
फोकस धरला. दिवे मालवले.

डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही
असं आपण उगाच म्हणत असतो.
इथं बोट कुठे संपतं तेच कळेना.

हाक दिली.
अ-नं ओ दिली. ब-नं ओ दिली.
क गप्प.

पुन्हा. चॅनल तपासलं.
बॅटऱ्या बदलल्या, माझ्याच, काही कारण नसताना.
दर वेळी पडद्यावर तेच :
पुढे दोन चुनखांब, ओले, लख्ख,
आणि मागे, विंको असायला हवा तिथं,
भोक.

"झालं का?" त्याचा आवाज आला.
आवाज वळणं घेत येतो, कोपरे घासत,
थोडा जाडा होऊन, पण येतो.
रेडिओलहरींना ते जमलं नाही.
त्या कुठंतरी ओल्या दगडावर डोकं आपटून
तिथंच बसल्या असणार.

"येर्ने, शटर उघडं ठेव. मी हातानं दाबतो."

त्याच्या तरुणपणी असंच असे.
एका खिशात नवे बल्ब, दुसऱ्यात जळके;
अंगठ्याचा तो डाग त्यातलाच,
मला वाटायचं चुलीवर भाजलाय.

मी शटर उघडलं.
उघड्या शटरसमोर अंधार काही करत नाही,
बसून राहतो, घाई नसलेल्या माणसासारखा.
"ज्दाय!" मी ओरडले. आत्ता!
ज्दाय, भिंत म्हणाली.
ज्दाय, तिच्यामागची भिंत.
मग काहीच नाही.
हातमोजा, बारीकसं बटण, म्हातारी नजर.
स्वितनं श्वास धरलेला मला ऐकू येत होता.

आणि मग गुहेच्या आतून गुहा उजळली.

शटर मिटलं. मी पडद्यात मान घातली :
फटीच्या कडेला मधासारखी किनार,
पलीकडे एक दालन, ज्याचं छतच चित्रात मावत नव्हतं,
आणि त्याच्या तळाशी
स्वतःच्या वाफेत उभा असलेला नखाएवढा विंको.
आलं! मी म्हणाले. आलं, आलं!

तेवढ्यात पुन्हा एकदा उजेड पडला.
कुणी हाक दिली नव्हती. शटर बंद होतं.
मी मान वर करेपर्यंत सरलासुद्धा,
माझ्या डोळ्यांत उरला तो पडद्याचाच चौकोन.

"आता कशाला?" स्वित ओरडला.

उत्तर यायला वेळ लागला, तिन्ही वळणांचा.
"मला बघायचं होतं," विंको म्हणाला.
"मघाशी मी डोळे मिटले होते."